चिमुकल्या विमानांच्या जुन्याच खोडी

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायरच्या अंगावर एकदा वाटाण्याची डाळ चिकटवली होती. खरीखुरी डाळ, गोंदाने, एकेका रिव्हेटवर एकेक! त्याचं असं झालं, की या विमानाच्या पत्र्यावर पृष्ठभागाशी सपाट बसणारे रिव्हेट मारले होते. ते महाग पडत आणि वेळही फार खात. काही ठिकाणी साधे, घुमटी डोक्याचे रिव्हेट चालतील का, हे सुपरमरीन कंपनीला बघायचं होतं. त्यासाठी सगळं विमान उसवून पुन्हा जोडण्यापेक्षा डाळ सोपी. सगळीकडे डाळ लावून विमान उडवलं, तर वेग ताशी २२ मैलांनी घटला. मग एकेका भागावरची डाळ खरवडत पुन्हा पुन्हा उड्डाणं झाली, आणि सपाट रिव्हेट कुठे हवेतच नि साधे कुठे खपतील, हे नक्की कळलं.

जुन्या लढाऊ विमानांना या छंदात वॉरबर्ड म्हणतात. त्यांची रेडिओ कंट्रोलवर उडणारी मॉडेल करणारे लोक आज नेमकं उलटं काम करतात. त्यांचा पंख मुळात बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा. त्यात रिव्हेटची काहीच गरज नसते, तरी ते हजारोंनी बसवतात. सिरिंजमध्ये पांढरा फेविकॉल भरायचा, बारीक सुई लावायची आणि पेन्सिलीने आखलेल्या रेषेवर सारख्या अंतराने थेंब ठेवत जायचं. ओला थेंब टपोरा दिसतो, वाळला की बसतो आणि रिव्हेटच्या डोक्याएवढा उरतो. सपाट रिव्हेट हवे असतील तर पितळेच्या बारीक नळीचं तोंड तापवून प्रायमरवर हलकेच टेकवायचं. इवलंसं गोल उमटतं. मोठ्या मॉडेलवर हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. आकाशात गेल्यावर एकही रिव्हेट दिसत नाही, हे खरं. पण वळताना पंखावर ऊन पडलं की पत्र्यासारखी चकाकी खेळते आणि मेहनत सार्थकी लागते.

माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. विमान लहान केलं म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या खोडींनी पायलटांना घाम फोडला, त्याच खोडी दोन मीटरच्या मॉडेलमध्ये उतरतात, आणि त्यांवरचे उपायही बहुतेक तेच असतात.

पाचवा हिस्सा, पण कशाचा?

स्पिटफायरचा पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर. एकास पाच प्रमाणात मॉडेल केलं तर सव्वादोन मीटर भरतं. लांबी पाचपट घटली की क्षेत्रफळ पंचवीसपट घटतं आणि आकारमान सव्वाशेपट. मूळ विमान उड्डाणाला सज्ज असताना २,७०० किलोच्या आसपास होतं. त्याला १२५ ने भागलं की साडेएकवीस किलो येतात. एवढं वजन या मापाच्या स्पिटफायरला कोणताही जाणता मॉडेलर देणार नाही. तो दहा किलोंच्या आसपास थांबतो. म्हणजे ‘हुबेहूब’ मॉडेल हे वजनाच्या हिशेबात मूळ विमानाच्या निम्मंच असतं.

वेगाचं गणित आणखी मजेदार आहे. विमान एका सेकंदात स्वतःच्या किती लांब्या कापतं, त्यावरून आपला डोळा वेग जोखतो. ताशी ५७० किलोमीटरने जाणारं खरं स्पिटफायर सेकंदाला स्वतःच्या सतरा लांब्या कापत असे. मॉडेलने तसंच दिसायचं तर त्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर हवा. हे सहज जमतं. अडतं ते उतरताना. खरं विमान ताशी १४० किलोमीटरच्या आसपास धावपट्टीकडे येई; त्याचा पाचवा हिस्सा ताशी २८. या वेगाला मॉडेलचा पंख त्याला उचलूनच धरू शकत नाही. दहा किलोचं ते विमान ताशी ४०-४५ किलोमीटरच्या खाली गेलं की पडतं. म्हणून मॉडेलची भरारी अगदी खऱ्यासारखी दिसू शकते, लँडिंग मात्र नेहमी घाईतलंच दिसतं.

नाकात शिसं

वॉरबर्ड बांधणाऱ्यांत एक म्हण चालते: नाकाने जड विमान कसंबसं उडतं, शेपटीने जड विमान एकदाच उडतं. विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे फील्डवरच्या भाषेत सीजी, पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर हवा. पंचवीस ते तीस टक्के ही सुरुवातीची सुरक्षित जागा.

ते तपासण्याची रीत बघण्यासारखी आहे. पंखाखाली दोन्ही बाजूंना ठिपके करायचे आणि त्यांखाली बोटांची टोकं देऊन विमान तोलायचं. स्पिटफायर, मस्टँग, झीरो ही पंख खाली असलेली विमानं, म्हणून ती उलटी धरून तोलतात. सरळ धरली तर डुगडुगतात. इंधनाची टाकी रिकामी ठेवायची. चाकं मागे दुमडणारी असतील तर ती दुमडून पुन्हा बघायचं, कारण चाकांचं वजनही मागे सरकतं. बहुतेक वेळा शेपूट खाली जाते. शेपूट लांब, नाक आखूड, म्हणून शेपटीतल्या एका ग्रॅमला नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. झीरो आणि थंडरबोल्ट ही गोल इंजिनांची विमानं तर नाकाने फारच तोकडी. त्यांच्या काऊलमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, शिशाच्या पट्ट्या बसवाव्या लागतात. त्यामुळे मुरलेला माणूस शेपटीचा प्रत्येक तुकडा मुद्दाम हलक्यात हलक्या बाल्साचा निवडतो आणि बॅटरी जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलतो.

हीच डोकेदुखी खऱ्या मस्टँगला होती. बर्लिनपर्यंत बाँबर विमानांची सोबत करायची म्हणून त्यात पायलटच्या सीटमागे ८५ गॅलनची आणखी एक टाकी बसवली. टाकी भरली की विमान शेपटीने जड व्हायचं आणि जोराचं वळण घेताना बिथरायचं. म्हणून शत्रूशी गाठ पडण्याआधी याच टाकीतलं इंधन जाळा, अशी पायलटांना ताकीद असे. स्पिटफायरच्या पाचव्या आवृत्तीतही सामान भरत भरत सीजी मागे सरकला आणि काही विमानं हवेतच मोडली. तेव्हा इंजिनिअरांनी एलेव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीतल्या पट्टीच्या, दांड्यांत एक छोटं वजन बसवलं. वळणाचा जोर वाढला की ते वजन स्टिक पुढे ओढायचं.

मॉडेलची शेवटची परीक्षा हवेत होते. विमान सरळ उडत राहील असं ट्रिम करायचं, पुरेशा उंचीवर न्यायचं, नाक ४५ अंशांत खाली करायचं आणि एलेव्हेटरची स्टिक सोडायची. विमान झरकन वर वळलं तर नाक जड आहे. आणखी खाली खुपसायला लागलं तर शेपूट जड, ताबडतोब सावरा. सरळ रेषेत जाऊन अगदी हळू वर यायला लागलं की जमलं. या दोन-तीन सेकंदांत फील्डवर कोणी बोलत नाही.

पंखाचा पीळ

वेग कमी झाला की पंख उचल सोडतो, त्याला स्टॉल म्हणतात. निमुळत्या पंखांचा धोका असा, की आधी टोक उचल सोडतं. एक पंख कोसळतो, विमान कुशीवर पडतं, आणि जमीन जवळ असेल तर खेळ खलास. त्यावरचा उपाय पंखाच्या टोकाला किंचित खाली पीळ देण्याचा. खऱ्या स्पिटफायरचा पंख मुळाशी दोन अंश वर रोखलेला आणि टोकाशी अर्धा अंश खाली होता. एकूण अडीच अंशांचा हा पीळ डोळ्यांना दिसतही नाही. मॉडेलमध्येही पंख बांधताना मागच्या कडेच्या टोकाखाली पातळ पट्टी सरकवून नेमका एवढाच पीळ देतात. दोन्ही पंखांचा पीळ वेगवेगळा आला तर त्यापेक्षा पीळ नसलेला बरा.

मेसरश्मिट १०९ ने दुसरा रस्ता काढला होता. पंखाच्या पुढच्या कडेवर स्लॅट नावाच्या पट्ट्या, वेग घटला की आपोआप पुढे येणाऱ्या. हौशी मॉडेलर त्याही चालत्या करतात. कॉर्सेअरची गोष्ट तर मला फारच आवडते. विमानवाहू जहाजावर उतरताना या विमानाचा डावा पंख अचानक पडायचा. इंजिनिअरांनी डाव्या पंखाला हातच लावला नाही. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी त्रिकोणी पट्टी ठोकली, म्हणजे उजवाही त्याच वेळी उचल सोडेल आणि विमान सरळ बसेल! आज एखादं मॉडेल एकाच बाजूला पडत असेल तर फील्डवरच बाल्साची त्रिकोणी पट्टी टेपने चिकटवून बघतात, आणि गुण येतो.

डावीकडे की उजवीकडे?

वॉरबर्डचा थ्रॉटल एकदम पुढे ढकलला की विमान धावपट्टी सोडून गवतात शिरतं. कारण त्याचा भलामोठा प्रॉपेलर, म्हणजेच प्रॉप. मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा प्रॉप कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरे आणि विमान टेकऑफला डावीकडे ओढ घेई. पुढच्या आवृत्त्यांत ग्रिफन इंजिन आलं. ते उलट्या दिशेने फिरणारं, त्यामुळे ओढ उजवीकडे. मर्लिनवर हात बसलेल्या पायलटला पायांची सवय उलटी करावी लागली. मॉडेलमध्ये मोटर मुळातच दोन-तीन अंश तिरकी बसवून ही ओढ मारतात. उरलेली शेपटीच्या उभ्या पट्टीने, म्हणजे रडरने, सांभाळायची आणि थ्रॉटल चार-पाच सेकंद घेत हळूहळू उघडायचा. ब्रशलेस मोटरची दिशा बदलायला तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. ग्रिफनवालं मॉडेल खरं दिसावं म्हणून काहीजण हे करतात. मग प्रॉपही उलट्या पात्यांचा शोधावा लागतो.

चाकांचीही एक कथा आहे. मेसरश्मिट १०९ ची चाकं धडाला जोडलेली, म्हणजे पंख काढले तरी विमान स्वतःच्या पायांवर उभं राही. सोय उत्तम, पण चाकं एकमेकांच्या फार जवळ आली. त्यापायी धावपट्टीवर गिरकी घेऊन असंख्य विमानं मोडली. मॉडेलमध्येही १०९ उतरवणं ही परीक्षाच. नवख्याने मस्टँग किंवा थंडरबोल्ट घ्यावं. त्यांची चाकं ऐसपैस लांब-लांब आहेत. कॉर्सेअरचा प्रॉप चार मीटरचा. तो जमिनीला लागू नये आणि चाकांचे पायही आखूड राहावेत, म्हणून त्याचा पंखच खाली वाकवला. शिवाय ती चाकं मागे दुमडताना ९० अंशांत फिरून पंखात आडवी झोपतात. ही करामत मॉडेलमध्ये चालती झाली की तिच्याभोवती सगळं फील्ड गोळा होतं.

काटेसावरीचा सख्खा

बाल्सा येतो मुख्यतः इक्वेडोरमधून. त्याचं कूळ मात्र आपल्या ओळखीचं. फाल्गुनात लाल फुलांनी पेटणारी काटेसावर आणि बाल्सा एकाच उपकुळातले, आणि जास्वंद नि कापूस त्याच मोठ्या घराण्यातले. वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत बाल्सा ‘हार्डवुड’ गणला जातो, नखाने ओरखडा उठत असला तरी! एकाच दुकानातल्या दोन फळ्यांत घनमीटरला १०० किलोपासून २५० किलोपर्यंत फरक पडतो. म्हणून मॉडेलर वजनकाटा घेऊनच फळ्या निवडतो: जड तुकडा पंखाच्या कण्याला, पिसासारखा शेपटीला. कोकणात पावसाळ्यात याच लाकडात दमट हवा शिरते; पुढे ते वाळून आकसलं की वर मढवलेली फिल्म सैल पडते आणि इस्त्री फिरवून पुन्हा ताणावी लागते.

बाल्सा ही फक्त मॉडेलची गोष्ट नाही. डी हॅविलंडचं मॉस्किटो हे दोन इंजिनांचं बाँबर महायुद्धातल्या सर्वांत वेगवान विमानांपैकी एक. त्याचं धड म्हणजे प्लायवुडच्या दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्साचा गाभा. पियानो आणि फर्निचर बनवणारे कारागीर ते बांधायला बसले होते. मॉस्किटोचं मॉडेल बाल्सात करणाऱ्याच्या हाती खरोखरच मूळ साहित्य असतं.

एरंडेलाचा वास

जुन्या मॉडेल इंजिनांचं इंधन म्हणजे मेथॅनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि चक्क एरंडेल. रे आर्डेन या अमेरिकन संशोधकाने १९४७ मध्ये ग्लो प्लग बाजारात आणला आणि या इंजिनांचं रूपच पालटलं. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. ती बॅटरीने एकदा लाल केली की बॅटरी काढून घ्यायची. मेथॅनॉलची वाफ प्लॅटिनमच्या सान्निध्यात तापत राहते आणि तार लालच राहते. वेगळ्या ठिणगीची गरज उरत नाही.

एरंडेलाची परंपरा त्याहून जुनी. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या रोटरी इंजिनांना याच तेलाचं वंगण लागायचं, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळून वाहून जात नाही. तेल इंजिनातून थेट बाहेर उडे, पायलटच्या तोंडावर, कपड्यांवर, आणि पोटातही जाई. १९१७ मध्ये भारतीय पायलट हरदित सिंग मलिक सॉपविथ कॅमल हे लढाऊ विमान उडवत होते, त्याच्या इंजिनाचं वंगणही हेच. आजही जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते, त्यातही गुजरातेत.

आता बहुतेकांनी लिपो बॅटरी आणि ब्रशलेस मोटर घेतली आहे. मोटरवर लिहिलेला केव्ही आकडा म्हणजे भार नसताना दर व्होल्टला किती फेरे. १४.८ व्होल्टची चार सेलची बॅटरी आणि ५०० केव्हीची मोटर, म्हणजे मिनिटाला ७,४०० फेरे. स्वच्छ, शांत, सोपं. पण जुन्या मंडळींना एरंडेलाच्या धुराचा वास आला की ते मान वळवून बघतातच.

मेरिलिन मन्रो आणि रेडिओ

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी नाव दाखवली. हौशी मॉडेल विमानासाठी पुढे चाळीस वर्षं लागली. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांचं ‘गफ’ हे मॉडेल १९३७ मध्ये रेडिओवर उडालं. ते आज स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयात आहे.

त्याच सुमाराला हॉलिवूडमध्ये रेजिनाल्ड डेनी हा ब्रिटिश नट मॉडेल विमानांचं दुकान चालवत होता. तोफांच्या सरावाला लक्ष्य म्हणून रेडिओवर उडणारी छोटी विमानं वापरता येतील, हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून रेडिओप्लेन कंपनी उभी राहिली आणि तिने महायुद्धात सुमारे १५,००० विमानं सैन्याला दिली. युद्धाच्या अखेरच्या काळात एक लष्करी छायाचित्रकार कारखान्यातल्या कामगार स्त्रियांचे फोटो काढायला आला. त्याला पाठवणाऱ्या तुकडीत कॅप्टन रोनाल्ड रेगन होते, पुढचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. प्रॉप हातात धरून हसणारी जी मुलगी त्याने टिपली, ती नॉर्मा जीन, म्हणजे पुढची मेरिलिन मन्रो. त्या फोटोंनीच तिला मॉडेलिंगचं दार उघडून दिलं.

विमानातला रिसीव्हर आणि पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, यांच्यातली भाषा अजून साधीच आहे. सेकंदाला साधारण पन्नास ठोके जातात. ठोका एक मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्होचा हात एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या, दीडचा असेल तर मधोमध. पूर्वी एका फ्रिक्वेन्सीवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केला की एकाचं विमान खाली येई. म्हणून फील्डवर एक फळा असे आणि त्यावर कपड्यांचे चिमटे: ज्याच्याकडे चिमटा, त्याचीच फ्रिक्वेन्सी. २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले आणि चिमटे गेले. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाच्या अशा विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे: वजन २५ किलोच्या आत आणि विमान सतत नजरेच्या टप्प्यात. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा बघावाच.

लाल रंग पुसला

भारतीय विमानाचं मॉडेल करायला घेतलं की रंगाचा एक धडा मिळतो. ब्रिटिश विमानांवर लाल-पांढरी-निळी चकती असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मात्र तिच्यातला लाल रंग काढून टाकला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा होता आणि क्षणभराची गफलत जिवावर बेतली असती. उरली गडद निळी आणि फिक्की निळी. १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या एक नंबरच्या स्क्वॉड्रनची हरिकेन लढली, तीही याच निळ्या चकत्यांची. बाजारातल्या तयार स्टिकरमध्ये त्या क्वचित मिळतात. मास्क कापून स्वतः फवाराव्या लागतात, आणि हरिकेनवर शोभतात फार.

खरी विमानं जवळून बघायची तर दिल्लीला पालमच्या संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर आणि टेंपेस्ट आहेत. आपल्या हाताशी गोव्यातलं दाबोळीचं नौदल विमान संग्रहालय. तिथे फेअरी फायरफ्लाय आणि विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडालेलं सी हॉक उघड्यावर उभी आहेत. मॉडेलरने मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन जावं. चाकांच्या कोनाड्यात डोकावलं तर पुस्तकात न सापडणाऱ्या नळ्या-वायरी दिसतात.

लिबरेटर बाँबरची हकिकत माझ्या मते सगळ्यांत थोर. युद्धानंतर ही विमानं कानपूरला मोडून-तोडून टाकून दिली होती, पुन्हा कोणी उडवू नये म्हणून मुद्दाम. १९४८ मध्ये आपल्या लोकांनी ती कामचलाऊ दुरुस्त करून बंगळुरूला उडवत नेली आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टने त्यांतून चाळीसहून जास्त विमानं उभी केली. हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं लिबरेटर भारतानेच दिलेलं आहे.

आणि सर्वांत लांबची उडी? ती वॉरबर्डच्या नावावर नाही. मेनार्ड हिल या अमेरिकन मॉडेलरची दृष्टी जवळजवळ गेली होती, ऐकूही कमी यायचं. तरी त्याने बाल्साचं, पाच किलोंच्या आतलं टॅम-५ बांधलं. ऑगस्ट २००३ मध्ये ते न्यूफाउंडलंडहून निघालं आणि ३८ तास ५२ मिनिटांत अटलांटिक ओलांडून आयर्लंडला क्लिफ्डनजवळ पोचलं. हे ठिकाण मुद्दाम निवडलं होतं. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन विकर्स विमी या बाँबफेकी विमानातून न थांबता अटलांटिक पार करून इथेच उतरले होते. तेव्हा विमीचं नाक दलदलीत रुतलं होतं. टॅम-५ मात्र सुखरूप उतरलं.